गूगलवरचे मक्तेदारीचे खटले आणि अल्फाबेटचा शेअर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गूगलवर खटला आहे म्हणतात, पण नेमका कोणता? दर दोन महिन्यांनी नवीनच बातमी येते.

अमेरिकेत तीन खटले वेगळे ठेवले की निम्मा गोंधळ संपतो.

पहिला सर्चचा. अमेरिकी न्याय विभाग आणि ११ राज्यांनी तो २० ऑक्टोबर २०२० रोजी वॉशिंग्टनमध्ये दाखल केला, न्यायाधीश अमित मेहता. मोबाइल आणि ब्राउझरमध्ये गूगलच ‘डिफॉल्ट’, म्हणजे आपोआप वापरलं जाणारं सर्च इंजिन, राहावं म्हणून ॲपल, सॅमसंग आणि फायरफॉक्स ब्राउझरची मोझिला यांना पैसे देणं, हा त्यातला मुख्य आक्षेप. दुसरा जाहिरातींच्या यंत्रणेचा, म्हणजे ॲडटेकचा. तो जानेवारी २०२३ मध्ये व्हर्जिनियात दाखल झाला, न्यायाधीश लिओनी ब्रिंकेमा. तिसरा एपिक गेम्स या गेम बनवणाऱ्या कंपनीने प्ले स्टोअरवरून केलेला. त्यात डिसेंबर २०२३ मध्ये ज्युरीने गूगलविरुद्ध कौल दिला.

शेअरच्या भावावर खरा दाब होता तो पहिल्याचा, कारण कंपनीचा संसार सर्चवर चालतो. २०२४ मध्ये अल्फाबेटचा, म्हणजे गूगलच्या मूळ कंपनीचा, महसूल ३५० अब्ज डॉलर होता. त्यातले १९८ अब्ज ‘सर्च आणि इतर’ या एकाच ओळीत होते. ‘गूगलला झटका’ असा मथळा दिसला की आधी न्यायाधीशाचं नाव बघावं. मेहता असतील तर पूर्ण वाचा. इतर कोणी असेल तर चहा घेऊन वाचलं तरी चालेल.

ऑगस्ट २०२४ मध्ये गूगल ‘दोषी’ ठरली. मग वर्षभराने शेअर एका दिवसात ९ टक्के वर कसा गेला?

‘दोषी’ हा शब्दच इथे फसवा आहे. खटला फौजदारी नाही, दिवाणी आहे. शर्मन कायद्याच्या, म्हणजे अमेरिकेच्या मक्तेदारीविरोधी कायद्याच्या, दुसऱ्या कलमाचा भंग झाला का, एवढंच पहिल्या टप्प्यात ठरतं. ५ ऑगस्ट २०२४ ला मेहतांनी ‘झाला’ असं सांगितलं. त्यावर करायचं काय, हा दुसरा टप्पा. त्याची सुनावणी वेगळी, साक्षीदार वेगळे, निकालपत्रही वेगळं.

पैसा हलतो तो या दुसऱ्या टप्प्यात. २० नोव्हेंबर २०२४ ला न्याय विभागाने क्रोम ब्राउझर विकायला लावा अशी मागणी लेखी मांडली आणि दुसऱ्या दिवशी शेअर पावणेपाच टक्क्यांच्या आसपास पडला. २ सप्टेंबर २०२५ ला मेहतांनी ती मागणी फेटाळली. डिफॉल्टसाठी पैसे देण्यावर सरसकट बंदीही घातली नाही. ३ सप्टेंबरला शेअर सुमारे ९ टक्के चढला. मधल्या काळात गूगल काही निर्दोष झाली नव्हती. बाजाराने भीती भावात धरली होती, ती काढून टाकली, इतकंच.

‘कंपनी हरली’ या वाक्याचा भावाशी संबंध लावताना एकच प्रश्न विचारायचा: या कागदामुळे पुढच्या वर्षीच्या नफ्यातला कोणता आकडा बदलतो? उत्तर देता येत नसेल तर ती बातमी आहे, मूल्यांकन नाही.

दंड किती झाला?

सर्चच्या खटल्यात शून्य. सरकारने वर्तन आणि रचना बदलण्याचे आदेश मागितले होते, दंडाची रक्कम नव्हे. समाजमाध्यमांवर फिरणारे दंडाचे आकडे बहुधा युरोपचे असतात.

ॲपलला दिले जाणारे २० अब्ज डॉलर बंद झाले असते तर गूगलचं नुकसान झालं असतं की फायदा?

तेजीवाले (भाव वाढेल म्हणणारे) आणि मंदीवाले (पडेल म्हणणारे) यांच्यातली सगळ्यात चांगली वादावादी याच प्रश्नावर झाली. दोघांचंही गणित बरोबर होतं. फरक गृहीतकात होता.

खटल्यात उघड झालेले दोन आकडे घ्या. २०२२ मध्ये गूगलने ॲपलला २० अब्ज डॉलर दिले. आणि सफारीतून, म्हणजे ॲपलच्या ब्राउझरमधून, येणाऱ्या सर्चच्या उत्पन्नातला ३६ टक्के वाटा ॲपलचा होता, हे गूगलच्याच बाजूच्या अर्थतज्ज्ञाच्या तोंडून भर कोर्टात निघून गेलं. आता २० ला ०.३६ ने भागा. सफारीतून येणारं एकूण उत्पन्न साधारण ५५.६ अब्ज. त्यातून ॲपलचे २० वजा केले की गूगलच्या हाती ३५.६ अब्ज, म्हणजे ६४ टक्के.

इथे ६४ हा कळीचा आकडा मिळतो. पैसे देणं बंद झालं आणि तरीही आयफोनवरचं ६४ टक्क्यांहून जास्त उत्पन्न गूगलकडे टिकलं, तर गूगलचा फायदा. कमी टिकलं, तर तोटा. समजा ८० टक्के टिकलं. ५५.६ चे ८० टक्के म्हणजे ४४.५ अब्ज. पैसे देऊन उरत होते त्यापेक्षा जवळपास ९ अब्ज जास्त. समजा ४० टक्केच टिकलं, तर २२ अब्ज, म्हणजे साडेतेरा अब्जांचा खड्डा.

मग किती टिकलं असतं? लोक स्वतः निवड करणार असतील तर बहुतेक जण गूगलच निवडतात, हा युरोपात ॲन्ड्रॉइड फोनवर निवडीचा पडदा (कोणतं सर्च इंजिन हवं ते विचारणारा) आणल्यानंतरचा अनुभव. तेजीवाले त्यावर बोट ठेवत. पण मेहतांच्या २०२४ च्या निकालपत्रात गूगलचाच २०२० चा एक अंतर्गत अंदाज आहे: ॲपलने डिफॉल्टची जागा दुसऱ्या कुणाला दिली तर आयफोन-आयपॅडवरच्या ६० ते ८० टक्के शोध-विनंत्या हातच्या जातील. म्हणजे टिकणार २० ते ४० टक्के, ६४ च्या कितीतरी खाली. मंदीवाले हा परिच्छेद पुढे करत.

दोन्ही परिस्थिती एक नव्हेत. एकात डिफॉल्ट कुणाचाच नाही, दुसऱ्यात तो प्रतिस्पर्ध्याचा आहे. आणि तिसरी शक्यता फार जणांनी मोजलीच नाही: पैसे बंद, तरी ॲपलने गूगललाच ठेवलं, कारण दुसरं तितकं चांगलं इंजिन नाही. तसं झालं असतं तर २० अब्ज गूगलच्या खिशात आणि शिक्षा ॲपलला. मेहतांनी बंदी टाळताना भागीदार कंपन्यांना बसणाऱ्या फटक्याचा विचार केला तो यामुळेच. ३ सप्टेंबर २०२५ ला ॲपलचा शेअरही साडेतीन टक्क्यांहून अधिक का वाढला, याचं उत्तर इथे आहे. मोझिलाचं तर अस्तित्वच टांगणीला होतं. फायरफॉक्सच्या उत्पन्नातला सुमारे ८५ टक्के वाटा गूगलच्या करारातून येतो, असं त्यांच्या अर्थप्रमुखांनी साक्षीत सांगितलं.

क्रोम विकायची वेळ आली असती तर भागधारकाच्या हाती काय पडलं असतं?

थेट विक्री झाली असती तर पैसे कंपनीच्या तिजोरीत आले असते, तुमच्या खात्यात नव्हे. किंमत किती, यावर एकमत नव्हतं. सुनावणीत डकडकगो या स्पर्धक सर्च इंजिनाच्या प्रमुखांनी ५० अब्ज डॉलरपर्यंतचा आकडा घेतला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये परप्लेक्सिटी या एआय कंपनीने ३४.५ अब्जांचा प्रस्ताव पाठवला, तोही स्वतःच्या मूल्यांकनाहून मोठा, त्यामुळे बाजाराने तो फारसा मनावर घेतला नाही.

क्रोमला स्वतःचं असं उत्पन्न नगण्य आहे. त्याची किंमत म्हणजे त्यातून गूगलकडे फुकट येणारे शोध. उद्या क्रोम परक्याचं झालं की त्याच शोधांसाठी गूगलला सफारीसारखे पैसे मोजावे लागले असते. म्हणून ‘५० अब्ज मिळतील, बरंच आहे’ हा हिशोब अर्धा आहे. विक्रीतून येणारी रक्कम एकदाच, जाणारा हप्ता दरवर्षी.

तुकडे पडणं भागधारकाला नेहमीच वाईट असतं असं मात्र नाही. १९११ मध्ये स्टँडर्ड ऑइलच्या ३४ कंपन्या झाल्या आणि त्या तुकड्यांचं एकत्रित मोल वाढलं. फरक असा की तिथे भागधारकांना प्रत्येक तुकड्याचा हिस्सा मिळाला होता. सक्तीची विक्री आणि शेअर वाटून केलेलं विभाजन यांत गल्लत करू नका.

निकालाच्या दिवशी भाव ४ टक्के पडला. म्हणजे बाजाराच्या मते खटल्याची किंमत ४ टक्के?

इतकं सरळ नाही. आधी तीन गोष्टी तपासायच्या.

त्या दिवशी बाजार कुठे होता? ५ ऑगस्ट २०२४ ला अल्फाबेट साडेचार टक्क्यांच्या आसपास पडला खरा, पण तो दिवस जपानी बाजार १२ टक्के कोसळल्याचा होता. अमेरिकेचा एस अँड पी ५०० निर्देशांकही ३ टक्के खाली होता. तो वजा केल्यावर दीड टक्का उरतो.

बातमी किती वाजता आली? त्या दिवशी निकाल दुपारी आला आणि शेअर सकाळीच खाली उघडलेला होता. उलट २ सप्टेंबर २०२५ चा निकाल बाजार बंद झाल्यावर आला, म्हणून परिणाम ३ तारखेच्या भावात बघायचा. भारतीय वेळेचंही भान हवं. अमेरिकी बाजार उन्हाळ्यात आपल्या रात्री दीडला आणि हिवाळ्यात अडीचला बंद होतो. त्यामुळे ‘२ तारखेचा निकाल’ आपल्याकडे ३ च्या पहाटेचा असतो. भावाच्या तक्त्यावर चुकीची तारीख धरून मोठमोठे निष्कर्ष काढलेले रोज दिसतात.

आणि त्या दिवशी दुसरी काही बातमी होती का? ७ मे २०२५ हे याचं नामी उदाहरण. उपाययोजनेच्या, म्हणजे दुसऱ्या टप्प्याच्या, सुनावणीत ॲपलचे वरिष्ठ अधिकारी एडी क्यू साक्षीत म्हणाले की एप्रिलमध्ये सफारीतले शोध पहिल्यांदाच घटले, आणि कारण म्हणून त्यांनी एआयकडे बोट दाखवलं. शेअर ७ टक्क्यांहून अधिक पडला, दीडशे अब्ज डॉलरच्या आसपास मूल्य उडालं. त्या सुनावणीच्या काळातली सर्वांत मोठी पडझड ही, आणि तिचा कायद्याशी काडीचा संबंध नव्हता. भीती स्पर्धेची होती. संध्याकाळी गूगलने खुलासा केला की ॲपलच्या उपकरणांसह एकूण शोध वाढतच आहेत.

गंमत अशी की हीच साक्ष पुढे गूगलच्या कामी आली. एआयमुळे बाजारात खरोखर नवे स्पर्धक उतरलेत, तेव्हा कोर्टाने सबुरीने घ्यावं, हा मेहतांच्या २०२५ च्या निकालातला एक मुख्य धागा आहे. मे महिन्यात त्या साक्षीमुळे घाबरून विकणाऱ्यांनी शेअर सुमारे १५१ डॉलरला दिला. २०२४ च्या प्रति शेअर ८.०४ डॉलर नफ्याच्या हिशोबाने ते १९ पटीपेक्षाही कमी होतं.

मायक्रोसॉफ्टचं उदाहरण तेजीवालेही देतात आणि मंदीवालेही. नक्की कोण बरोबर?

घटनाक्रम आधी नीट घ्या. खटला मे १९९८ मध्ये दाखल. न्यायाधीश थॉमस पेनफिल्ड जॅक्सन यांनी ३ एप्रिल २००० ला कायद्याचा भंग झाल्याचं ठरवलं आणि त्या एका दिवसात शेअर १४ टक्क्यांहून अधिक पडला. ७ जून २००० ला कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश झाला. २८ जून २००१ ला अपील न्यायालयाने तुकड्यांचा आदेश रद्द केला, मक्तेदारी राखण्याचा ठपका मात्र बराचसा कायम ठेवला. नोव्हेंबर २००१ मध्ये तडजोड झाली. तिची देखरेख मे २०११ पर्यंत चालली.

मंदीवाले म्हणतात, बघा, डिसेंबर १९९९ चा भाव पुन्हा दिसायला ऑक्टोबर २०१६ उजाडला. खरं आहे. पण १९९९ च्या शिखरावर तो शेअर जून २००० ला संपलेल्या वर्षाच्या नफ्याच्या सत्तर पटीने विकला जात होता. त्या भावाला खटला नसता तरी पुढची दहा वर्षं अवघडच गेली असती. त्याच काळात असाच फुगून पडलेल्या सिस्को या नेटवर्क उपकरणांच्या कंपनीवर कोणता खटला होता?

तेजीवाले म्हणतात, महसूल तर वाढतच राहिला, २००० च्या २३ अब्ज डॉलरवरून २०१० च्या साडेबासष्ट अब्जांवर. हेही खरं. पण त्याच दशकात सर्च आणि मोबाइल ही दोन्ही मैदानं दुसऱ्यांनी मारली. खटल्यामुळे कंपनी बिचकून वागली का, यावर आजही वाद आहे आणि तो आकड्यांनी सुटणारा नाही.

अल्फाबेटसाठी यातून घ्यायचं ते एवढंच: विकत घेतानाचं मूल्यांकन खटल्यापेक्षा जड होतं. सत्तर पट आणि एकोणीस पट यांची तुलना करून मग ‘इतिहासाची पुनरावृत्ती’ म्हणावं.

सप्टेंबर २०२५ च्या आदेशात मग गूगलला काहीच लागलं नाही?

लागलं. सर्च, क्रोम, असिस्टंट आणि जेमिनी (गूगलचं एआय ॲप) यांच्या वितरणासाठी ‘फक्त आमचंच’ अशा अटीचे करार करता येणार नाहीत. सर्च इंडेक्स, म्हणजे शोधासाठी तयार केलेली वेबपानांची सूची, आणि वापरकर्त्यांच्या वागण्याचा काही डेटा पात्र स्पर्धकांना द्यावा लागेल, जाहिरातींचा डेटा त्यात नाही. स्पर्धकांना शोधाचे निकाल आणि मजकुरी जाहिराती पुरवाव्या लागतील. हे सहा वर्षं चालेल आणि तांत्रिक समिती लक्ष ठेवेल. डिसेंबर २०२५ मध्ये आणखी एक पाचर बसली: डिफॉल्टचे करार एका वर्षाहून जास्त मुदतीचे नकोत.

यातलं डेटा देणं हे सगळ्यात कमी समजून घेतलेलं कलम आहे. पहिल्या वर्षी त्याचा नफ्यावर परिणाम दिसणार नाही, म्हणून विश्लेषक ते एका ओळीत उरकतात. परंतु क्वचित विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची चांगली उत्तरं द्यायला लागतो तो डेटा छोट्या इंजिनाकडे नसतो. तो मिळाला तर गूगलची सर्वांत जुनी तटबंदी झिजू लागते. ‘पात्र’ कोण आणि डेटा कोणत्या भावाने, या दोन शब्दांच्या व्याख्येवर सगळं अवलंबून आहे.

ॲडटेकच्या खटल्यातही गूगल हरली. त्या दिवशी शेअर फक्त दीड टक्का का पडला?

१७ एप्रिल २०२५ चा तो निकाल. जाहिरात सर्व्हर (संकेतस्थळांच्या जाहिरातींच्या जागा सांभाळणारी यंत्रणा) आणि जाहिरात एक्स्चेंज (त्या जागांचा लिलाव करणारा बाजार) या दोन बाजारांत बेकायदा मक्तेदारी, आणि दोघांची बेकायदा सांगड, असं ब्रिंकेमांनी ठरवलं. जाहिरातदारांच्या जाळ्याबाबतचा आरोप टिकला नाही. कायद्याच्या दृष्टीने निकाल मोठा, पण ‘गूगल नेटवर्क’ या, म्हणजे इतरांच्या संकेतस्थळांवरच्या जाहिरातींच्या, विभागाचा २०२४ चा महसूल ३०.४ अब्ज, एकूण महसुलाच्या ९ टक्क्यांहून कमी. त्यातलाही मोठा हिस्सा संकेतस्थळांच्या मालकांना जातो. एक्स्चेंज विकावं लागलं तरी कंपनीच्या नफ्याला ओरखडा, जखम नाही.

युरोपने अब्जावधींचे दंड केलेत, त्याचं काय?

२०१७ ला २.४२, २०१८ ला ४.३४, २०१९ ला १.४९ आणि सप्टेंबर २०२५ ला २.९५ अब्ज युरो. यातला २०१८ चा नंतर ४.१२५ वर आला आणि २०१९ चा २०२४ मध्ये रद्दच झाला. २०२४ चा अल्फाबेटचा निव्वळ नफा १०० अब्ज डॉलर. भागाकार तुम्हीच करा. सप्टेंबर २०२५ चा दंड जाहीर झाला त्या दिवशी शेअर पडला नाही, थोडा वाढलाच.

आता इतर कंपन्याही नुकसानभरपाई मागतील ना?

हो, आणि हा धोका चर्चेत यायला हवा तितका येत नाही. सरकारने जिंकलेल्या खटल्यातले निष्कर्ष अपिलात टिकले तर खाजगी दावेदाराला तेच पुन्हा पहिल्यापासून सिद्ध करत बसावं लागत नाही, आणि अमेरिकी कायद्याने नुकसानीच्या तिप्पट भरपाई मिळू शकते. दुकानं-हॉटेलांची परीक्षणं देणाऱ्या येल्पने ऑगस्ट २०२४ मध्ये दावा ठोकलाच. ॲडटेकच्या निकालानंतर पबमॅटिक आणि ओपनएक्स या जाहिरात-तंत्रज्ञान कंपन्याही पुढे आल्या.

अंदाजासाठी मायक्रोसॉफ्टकडे बघा. २००३ मध्ये इंटरनेट कंपनी एओएलला ७५ कोटी डॉलर. २००४ मध्ये संगणक कंपनी सनला स्पर्धेच्या वादापोटी ७० कोटी आणि पेटंटपोटी ९० कोटी. रकमा मोठ्या दिसतात, पण वर्षांत पसरून येतात आणि तडजोडीने मिटतात.

मूळ कागद कुठे वाचायचे? बातम्यांवर भरवसा नाही.

सर्चच्या खटल्याचा क्रमांक १:२०-सीव्ही-०३०१०, ॲडटेकचा १:२३-सीव्ही-००१०८. अमेरिकी कोर्टांच्या ‘पेसर’ यंत्रणेवर दर पानाला १० सेंट पडतात, एका कागदाला जास्तीत जास्त ३ डॉलर. तिमाहीत ३० डॉलर किंवा त्याहून कमी वापर असेल तर शुल्क माफ. ‘कोर्टलिसनर’वर यातले बरेच कागद फुकट मिळतात.

मेहतांचं २०२४ चं निकालपत्र पावणेतीनशे पानांहून मोठं आहे. सगळं वाचायची गरज नाही. अनुक्रमणिकेतून बाजाराची व्याख्या गाठा, कारण तिथे हरलेली बाजू अपिलात तिथूनच सुरुवात करते. त्या भागात एक गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते: सर्वसाधारण शोध आणि शोधातल्या मजकुरी जाहिराती यांत मक्तेदारी मानली गेली, पण एकूण ‘सर्च जाहिरात’ या मोठ्या बाजारात ती मानली गेली नाही.

त्यानंतर कंपनीचा तिमाही अहवाल घ्या आणि ‘कायदेशीर बाबी’ ही टीप वाचा. नुकसान संभाव्य आहे आणि त्याचा वाजवी अंदाज करता येतो, असं वाटलं तरच कंपनी तरतूद करते. गेल्या तिमाहीतल्या वाक्यांशेजारी या तिमाहीतली वाक्यं ठेवा. बदललेलं विशेषण हीच बातमी.

जीओओजी आणि जीओओजीएल यांत खटल्यामुळे काही फरक पडतो का?

नाही. ही अल्फाबेटच्या दोन प्रकारच्या शेअरची बाजारातली चिन्हं: जीओओजीएलला प्रत्येकी एक मत, जीओओजीला एकही नाही. दहा मतांचे ‘बी’ वर्गाचे शेअर बाजारात नाहीत आणि मताधिकाराचं बहुमत संस्थापक पेज आणि ब्रिन यांच्याकडे आहे. स्वस्त असेल तो घ्या.

निकालाच्या आधी घ्यावा की नंतर?

निकाल दोन टोकांपैकी एक असेल तर आधी घेणं म्हणजे नाणेफेक. त्यातही उलटीकडे किती जाईल आणि सुलटीकडे किती, हे मांडून बघा. समजा तुमच्या मते क्रोमची विक्री आणि पैशांवर बंदी यांची शक्यता २५ टक्के आणि तसं झालं तर शेअर २० टक्के पडेल. उरलेल्या ७५ टक्क्यांत तो ८ टक्के वाढेल. वजा ५ अधिक ६, म्हणजे एक टक्का नफा. एवढ्यासाठी वीस टक्क्यांचा खड्डा झेलायचा का? शक्यता १५ टक्के धरली की तोच हिशोब ३.८ टक्क्यांवर जातो. म्हणजे वाद भावाचा नसून त्या २५ आणि १५ चा आहे, आणि ते आकडे कुठून आणले हे कोणी सांगत नाही.

निकालाआधी ऑप्शन, म्हणजे ठरल्या भावाने शेअर घेण्या-विकण्याचा हक्क, घेऊन ‘सुरक्षित’ खेळण्याचा सल्लाही मिळतो. तारीख जवळ आली की ऑप्शनचा प्रीमियम, म्हणजे त्या हक्काची किंमत, फुगतो, निकाल लागताच फुगवटा उतरतो आणि दिशा बरोबर येऊनही पैसे जातात. शिवाय भारतातून रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवण्याच्या उदारीकृत योजनेखाली परदेशी एक्स्चेंजवरच्या मार्जिनसाठी, म्हणजे तारण रकमेसाठी, पैसे पाठवता येत नाहीत.

महाराष्ट्रात बसून हा शेअर घेतला तर कुठे अडकतो माणूस?

शेअर घेणं सोपं, हिशोब ठेवणं कठीण. एका आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलर पाठवता येतात. गुंतवणुकीसाठी १० लाख रुपयांवरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच गोळा होणारा आगाऊ कर, कापते. १५ लाख पाठवले तर वरच्या ५ लाखांवर १ लाख. ते विवरणपत्रात वळतं होतं, पण तोवर पैसा अडकून पडतो. म्हणून मार्चअखेर आणि एप्रिलच्या सुरुवातीला दोन टप्प्यांत पाठवणं अनेकांना सोयीचं जातं.

२४ महिन्यांहून जास्त ठेवून विकला तर नफ्यावर १२.५ टक्के कर, त्याआत विकला तर तुमच्या स्लॅबप्रमाणे. सव्वा लाखाची सूट इथे नाही, ती भारतात नोंदलेल्या शेअरची. डिव्हिडंडवर अमेरिकेत २५ टक्के कापले जातात, पण ब्रोकरकडे डब्ल्यू-८ बेन हा फॉर्म भरलेला असेल तर, नाहीतर ३० टक्के.

चूक हमखास होते ती विवरणपत्रातल्या ‘शेड्यूल एफए’मध्ये. तिथे परदेशी मालमत्ता जानेवारी ते डिसेंबर या वर्षाप्रमाणे दाखवायची असते, एप्रिल ते मार्च नव्हे. नफा झाला नाही, शेअर विकलाच नाही, तरीही दाखवायची.

खटल्याशी जोडलेला एक कराचा मुद्दा असा: कधी कंपनीचं विभाजन होऊन नव्या कंपनीचे शेअर तुमच्या खात्यात आले, तर भारतीय डीमर्जरला, म्हणजे कंपनीच्या विभाजनाला, मिळणारी करसवलत परदेशी विभाजनाला आपोआप लागत नाही. सनदी लेखापालाला तेव्हा नव्हे, आधी विचारा. आणि अमेरिकी मालमत्ता ६० हजार डॉलरच्या वर गेली की मृत्यूनंतर तिथला वारसाकर लागू शकतो, तो ४० टक्क्यांपर्यंत जातो. घरात हे सांगून ठेवलेलं बरं.

भारताच्या स्पर्धा आयोगानेही गूगलला दंड केला होता ना?

ऑक्टोबर २०२२ मध्ये दोन: ॲन्ड्रॉइडबद्दल १,३३७.७६ कोटी आणि प्ले स्टोअरच्या बिलिंगबद्दल ९३६.४४ कोटी रुपये. अपील न्यायाधिकरणाने पहिला दंड मार्च २०२३ मध्ये कायम ठेवून काही निर्देश काढून टाकले. दुसरा मार्च २०२५ मध्ये २१६.६९ कोटींवर आणला. शेअरच्या दृष्टीने या रकमा चिल्लर. फोन बनवणाऱ्यांना गूगलची ॲप सुटी घेण्याची मोकळीक मिळाली, हा त्यातला टिकाऊ भाग.

आता पुढे काय बघायचं?

गूगलने जानेवारी २०२६ मध्ये सर्चच्या निकालावर अपील केलं. प्रकरण ज्या सर्किट कोर्टात, म्हणजे अपील न्यायालयात, गेलं, त्यानेच २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचे तुकडे होणं टाळलं होतं आणि ठपका बराचसा कायम ठेवला होता. तेव्हा अपिलाला वर्ष लागलं, तेही घाई केली म्हणून.

तोपर्यंत तिमाही निकालात एक गुणोत्तर लिहून ठेवत जा: भागीदारांना दिलेली रक्कम, म्हणजे टीएसी, भागिले जाहिरातींचा महसूल. २०२४ मध्ये ते ५४.९ भागिले २६४.६, म्हणजे २०.७ टक्के होतं. करार आता दरवर्षी नव्याने होणार. स्पर्धक बोली लावू लागले तर गूगलला भाव वाढवावा लागेल आणि हा आकडा चढेल. भागीदार परस्पर दुसरीकडे जाऊ लागले तर तो उतरेल, पण सोबत सर्चच्या महसुलाची वाढही मंदावेल. उतरणारा टीएसी पाहून टाळ्या वाजवण्याआधी शेजारची ओळ वाचा.